पॉपकॉर्नच्या डब्यातले बिटकॉइन

श्रोतेहो, नमस्कार.

बिटकॉइन या इंटरनेटवरच्या चलनाचा व्यवहार कुणाला कळत नाही, असं सर्रास सांगतात. चूक. त्यात नाव नसतं, एवढंच. नाव नाही, पण नोंद आहे. पत्ता म्हणजे खाते क्रमांकासारखी अक्षरं-आकड्यांची ओळ. कुठल्या पत्त्यावरून कुठल्या पत्त्यावर किती गेले, याची 2009 पासूनची वही चावडीवर उघडी पडलीय. पुसता येत नाही.

आता डब्याची गोष्ट ऐका. सिल्क रोड नावाचा इंटरनेटवरचा चोरबाजार होता, बराचसा अमली पदार्थांचा. सप्टेंबर 2012 मध्ये एका तरुणाला तिथे फट सापडली. त्याने नऊ खाती उघडली. एकदा 500 बिटकॉइन भरले आणि पाच सेकंदांच्या आत, एकाच सेकंदात पाचदा 500-500 काढले. भरले 500, हाती आले 2,500! बाजाराची यंत्रणा त्या घाईत फसली. अशा 140 हून जास्त व्यवहारांत त्याने सुमारे 50,000 बिटकॉइन उचलले. तक्रार कोण करणार? चोराच्या घरी चोरी.

नऊ वर्षं गेली. नोव्हेंबर 2021 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात त्याच्या घराची झडती झाली. काही ऐवज फरशीखालच्या तिजोरीत निघाला. बाथरूमच्या कपाटात पॉपकॉर्नचा डबा होता. डब्यात पांघरुणं, पांघरुणांखाली एक चिमुकला कॉम्प्युटर. आपल्याकडे बिस्किटाच्या डब्यात सुईदोरा निघतो, तसा! एकूण 50,676 बिटकॉइन, त्या वेळच्या भावाने 3.36 अब्ज डॉलर. बाजार 2013 मध्येच बंद पडला होता, वही मात्र तशीच उघडी होती.

माग लागतो कसा? बिटकॉइन नोटेसारखा मोडावा लागतो. तुमच्याकडे 0.5 चा तुकडा आहे, द्यायचेत 0.3. उरलेले, शुल्क वजा जाता, तुमच्याच नव्या पत्त्यावर परत येतात. बघणाऱ्याला 0.3 हा गोल आकडा दिसतो आणि शेजारी 0.19987. सुटे कुठले, हे बहुतेक वेळा लगेच ओळखू येतं. दुसरं, दोन पत्त्यांवरचे तुकडे एका व्यवहारात जोडून दिले, की दोन्हींचा मालक एकच, असं धरलं जातं. आणि एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉइन विकत घ्यायच्या-विकायच्या पेढीवर, तर आपल्याकडे पॅन देऊन, ओळख पटवूनच खातं उघडतं. तिथे नाव चिकटलं, की मागची-पुढची साखळी नावासकट उलगडते. नाव नाही, पण नोंद आहे.

(सरकार बिटकॉइनला आभासी मालमत्ता म्हणतं. नफ्यावर 30 टक्के कर मात्र अजिबात आभासी नाही.)

मग करायचं काय? दर वेळी पैसे घ्यायला नवा पत्ता काढा. कुठला तुकडा खर्चायचा ते स्वतः निवडता येईल असं वॉलेट, म्हणजे बिटकॉइन सांभाळायचं अ‍ॅप, घ्या. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले तुकडे एकत्र जोडू नका. मोनेरो नावाच्या दुसऱ्या डिजिटल चलनात खऱ्या तुकड्याबरोबर 15 फसवे तुकडे दाखवतात, त्यामुळे माग अवघड होतो. पण मोनेरो घ्यायला आधी एक्स्चेंजच गाठलं, तर खरेदीची नोंद तिथे राहतेच.

आणि देणगीसाठी एकच पत्ता वर्षानुवर्षं लावून ठेवलात, तर 100 रुपये देणाऱ्यालाही तुमचा अख्खा गल्ला मोजता येतो.