माळा आपला, भिंत दोघांची

बेळगावातल्या शहापूरच्या जुन्या गल्ल्यांत वर बघत चाललं की घरं वेगळी कळतच नाहीत. एकाची कौलं संपतात तिथं पुढच्याची लागतात. मधली भिंत एकच. दीड फूट जाड, जांभ्याच्या चिऱ्याची, मातीत रचलेली. दोन्ही घरांच्या माळ्यांचं ओझं तिच्यावरच.

यातल्याच एका घराचा माळा उतरवताहेत. आधी मंगळुरी कौलं, मग रिपा, मग वासे. अडगळीच्या जागी पोरांना अभ्यासाची खोली करायचीय.

आता मिस्त्रींचा हात बघा. छिन्नीवर ठोका किती हलका! एक चिरा सैल करून काढला, आत बॅटरी मारली. घरच्या तुळईचं टोक वाळवीनं पोकळ झालंय. आणि त्याच्यामागे, जेमतेम चार बोटांवर, शेजारच्या तुळईचं टोक.

"हितनं फुडं छिन्नी न्हाई. फुडं त्येंचं घर हाय."

मिस्त्रींचं हे बोलणं प्रत्येक ठेकेदारानं ऐकावं. कारण सर्रास होतं ते असं: ब्रेकरनं भिंतीला खोल भोक, त्यात लोखंडी गर्डरचं तोंड, वर सिमेंट. जवळजवळ बसवलेल्या तुळयांमुळे वजन भिंतभर वाटलं जायचं; गर्डर ते दोन-तीन जागी आणून टाकतो. मातीचे सांधे ब्रेकरच्या हादऱ्यानं आधीच सुटलेले. आणि डोकं आपटतं म्हणून कैचीचा, म्हणजे छपराच्या तिकोनी लाकडी सांगाड्याचा, खालचा आडवा दांडा कापतात, तो तर कधीच कापू नये. त्यानंच दोन्ही पाखांचे वासे आवळून धरलेले असतात. तो गेला की छप्पर पुढच्या-मागच्या भिंती बाहेर रेटायला लागतं.

इथं नवे गर्डर सामायिक भिंतीला टेकणारच नाहीत. आपल्या हद्दीत वेगळे खांब उभे राहताहेत. पायासाठी भिंतीलगत सलग चर खणलेला नाही. एक खड्डा, त्यात काँक्रीट, ते आवळलं की पुढचा. शेजारच्या माजघरात त्यांच्या तुळयांना टेकू दिलेत. काकूंनी देव तेवढे पलीकडच्या खोलीत हलवलेत. त्यांची लेखी संमती काम सुरू व्हायच्या आधीच घेतली, भिंतीवरच्या जुन्या तड्यांचे फोटो दोन्ही घरांनी मिळून काढले. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं, २० वर्षं बिनहरकत मिळालेला आधार हा शेजाऱ्याचा हक्कच ठरतो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये याच तालुक्यात, बडाल अंकलगीत, पावसानं भिंत कोसळून ७ जण गेले.

नवं छप्पर शेजारच्याहून दोन फूट उंच होतंय. त्या सांध्यातून पाणी भिंतीत मुरू नये म्हणून जस्ती पत्र्याची पट्टी बसतेय, तीही मृग लागायच्या आत. खर्च निम्मा-निम्मा ठरलाय.