दूध तोडलेल्या पिल्लांसाठी अळ्यांची प्रथिने

डुकरांची ही पिल्ले आईच्या दुधापासून नुकतीच तोडलेली आहेत. युरोपीय संघाच्या नियमानुसार 28 दिवसांच्या आत पिल्लू सहसा तोडता येत नाही. तोपर्यंत त्याला साधारण तासातासाने आईचे दूध मिळत असते आणि मग एकाएकी त्याच्यापुढे कोरडे खाद्य येते. पहिले एक-दोन दिवस ते खाद्याला जेमतेम तोंड लावते, त्यामुळे लहान आतड्याच्या आतले बोटांसारखे बारीक उंचवटे आखूड होतात आणि पचन मंदावते. अशा पोटात सोयापेंड जास्त गेली, की न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात कुजतात, ई. कोलाय जिवाणू फोफावतात आणि पिल्लाला हगवण लागते. ती रोखण्यासाठी खाद्यात झिंक ऑक्साइडची मोठी मात्रा मिसळली जाई; जमिनीत साठत जाणारे जस्त आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू यांमुळे युरोपीय संघाने जून 2022 मध्ये तो वापर बंद केला.

सोयापेंडीला पर्याय ठरू शकणारी अळ्यांची प्रथिने कुठून येतात, हे कळण्यासाठी आता जाळीच्या या पिंजऱ्यांकडे पाहावे. आत उडणारी काळी, सडपातळ माशी म्हणजे ब्लॅक सोल्जर फ्लाय. ती चावत नाही आणि अळी असताना साठवलेल्या चरबीवरच बहुतांशी जगते. मादी लाकडी फळ्यांच्या फटींत एका वेळी शेकडो अंडी घालते; फळ्या वेगळ्या करताच अंड्यांचा पिवळसर, कणीदार पुंजका दिसतो. साधारण चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि ट्रेमधल्या ओलसर, वनस्पतिजन्य खाद्यावर सोडल्या जातात. शेण किंवा खरकटे त्यांना घालण्यास युरोपीय संघाच्या कायद्याने मनाई आहे, आणि ती असणेच योग्य आहे. ट्रेमध्ये हात घातला तर ऊब जाणवते, कारण हजारो अळ्यांच्या सततच्या वळवळीने उष्णता निर्माण होत असते. सुमारे दोन आठवड्यांनी, अंगाचा रंग काळपट होण्याआधी, त्या चाळून, धुऊन, उकळत्या पाण्यातून काढल्या जातात. नंतर दाबून तेल वेगळे करतात आणि उरलेला चोथा वाळवून दळतात. या भुकटीत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. तिच्यात उरलेल्या चरबीत लॉरिक आम्ल भरपूर असते, जे खोबरेल तेलातही असते आणि काही जिवाणूंची वाढ रोखते.

रानडुकरांची पिल्ले माती उकरून अळ्या आणि गांडुळे खातातच. तरीही खाद्यातील प्राणिज प्रथिनांतून गायींमध्ये पसरलेल्या 'मॅड काऊ' रोगानंतर 2001 साली प्राणिज प्रथिनांवर आलेल्या निर्बंधांमुळे युरोपातील डुकरांच्या खाद्यातून कीटकही बाद झाले होते. ही वाट सप्टेंबर 2021 मध्ये मोकळी झाली. खाद्यात 10 टक्क्यांपर्यंत अळ्यांची भुकटी घालून झालेल्या प्रयोगांत पिल्लांची वाढ खुंटलेली आढळली नाही.

ही भुकटी सोयापेंडीपेक्षा महाग पडते आणि तिचे उत्पादनही अजून थोडे आहे. म्हणून ती मोठ्या डुकरांवर खर्च न करता दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी राखून ठेवावी. या दिवसांत पिल्लू खातेच थोडे, आणि आतडे सावरल्यावर साधी सोयापेंडही त्याला पचू लागते.