आपल्या वेळची राइड

श्रोतेहो, नमस्कार.

थीम पार्कमधली एखादी जुनी राइड बंद होणार अशी बातमी आली की लगेच दोन तट पडतात. एक जण हळहळतो, "अहो, तिच्यात तर आमचं लहानपण गेलं!" दुसरा म्हणतो, "बरं झालं, नुसतीच रटाळ होती ती." पुष्कळदा हे दोघं एकाच घरातले असतात. आई हळहळणारी आणि मुलगी खूश. मला हा वाद क्षुल्लक वाटत नाही, म्हणून आज त्याबद्दलच बोलणार आहे.

१९९७ साली फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कमध्ये मिस्टर टोड या गोष्टीतल्या बेडकाची राइड बंद होणार अशी कुणकुण लागली. १९७१ मध्ये पार्क उघडलं तेव्हापासूनची ही राइड. जुन्या वळणाच्या छोट्या मोटारीत बसायचं. मोटार वेडीवाकडी धावत बंद दारं उघडत घुसायची, समोरून आगगाडीचा दिवा अंगावर यायचा आणि त्या टकरीनंतर मोटार थेट नरकात पोचायची. होय, लहान मुलांच्या राइडचा शेवट नरकात! तांबडा उजेड, शिंगवाले छोटे छोटे सैतान, आणि मग दार उघडून बाहेर ऊन. या राइडसाठी माणसं खास टी-शर्ट छापून घेऊन पार्कात जमली, शांतपणे निदर्शनं केली, पत्रं लिहिली. तरी सप्टेंबर १९९८ मध्ये ती बंद झालीच. १९९९ मध्ये तिथं विनी द पूह या अस्वलाची राइड सुरू झाली. तिच्यात भिंतीवर एक चित्र आहे. मिस्टर टोड घराचे कागद पूहच्या गोष्टीतल्या घुबडाच्या हाती सोपवतो आहे. ज्यांना जुनी राइड ठाऊक आहे त्यांची नजर त्या चित्रावर थांबते. बाकीचे पुढं निघून जातात.

आता जरा हिशेब करू या. १९९९ मध्ये जे मूल पाच वर्षांचं होतं आणि पूहच्या मधाच्या हंड्यात बसून फिरलं, ते आज तिशी ओलांडून गेलं आहे. त्याच्या लेखी पूह हीच जुनी राइड. उद्या ती काढायची ठरली तर तेही टी-शर्ट छापून घेईल. माणसाला दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी पुढं आयुष्यभर जास्त ठळकपणे आठवतात, असं स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार दिसलेलं आहे. म्हणजे 'आमच्या वेळी पार्क चांगलं होतं' असं प्रत्येक पिढी मनापासून म्हणते आणि त्यात कुणीच खोटं बोलत नसतं.

पण मग प्रत्येकाचंच दुःख खरं असेल, तर पार्कानं ठेवायचं काय आणि काढायचं काय? माझं उत्तर असं आहे. राइड किती जुनी आहे हे आधी पाहू नये. ती चालू असताना खाली पिशव्या सांभाळत कोण उभं राहतं, ते पाहावं.

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये किंगडा का नावाचा रोलर कोस्टर होता. उंची १३९ मीटर, वेग ताशी २०६ किलोमीटर. २००५ मध्ये सुरू झाला तेव्हा जगातला सर्वांत उंच आणि सर्वांत वेगवान. हायड्रॉलिक यंत्रणा गाडीला एका हिसक्यात पुढं फेकायची, गाडी सरळसोट वर चढायची आणि तशीच खाली यायची. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. २०२४ मध्ये तो बंद झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडला. पंधराव्या वर्षी ज्यानं त्यात पहिल्यांदा जीव मुठीत धरला, तो पस्तिशीला आला तेव्हा कोस्टर गेलेला होता. त्याचं वाईट वाटणं मला पूर्ण समजतं. तरी अशा यंत्रांनी आपला काळ गाजवावा आणि जावं, असंच मला वाटतं. विक्रम हा मोडण्यासाठीच असतो, आणि घरातले अर्धे लोक तेव्हाही खाली पिशव्या घेऊनच उभे होते.

हाँटेड मॅन्शनची गोष्ट वेगळी आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९६९ मध्ये उघडलेला हा भूतवाडा. यात शिंपल्यासारख्या काळ्या बग्ग्या एकामागे एक साखळीनं जोडलेल्या असतात आणि ती साखळी सहसा थांबतच नाही. बाजूला सरकता पट्टा असतो. त्यावर पाय ठेवायचा आणि चालत चालत बग्गीत बसायचं. पुढं बग्गीच आपल्याला वळवते. जिकडं पाहायला हवं तिकडं तोंड करून देते. न थांबणाऱ्या साखळीमुळे तासाला दोन हजारांहून जास्त माणसं आत जातात, आणि आत जायला उंचीची अट नाही. आजोबा, मुलगी आणि नात एकाच बाकावर बसून एकच भूत पाहतात. माझ्या मते थीम पार्कची सगळ्यात मोठी कमाई हीच आहे.

याच वाड्यात एक फार सुंदर गोष्ट घडली. हातात टोपीची पेटी धरलेलं एक भूत होतं. खांद्यावरचं मुंडकं नाहीसं व्हायचं आणि हातातल्या पेटीत उगवायचं, अशी करामत होती. आजूबाजूच्या उजेडामुळे ती नीट जमली नाही, म्हणून १९६९ मध्ये ते भूत थोड्याच काळात काढून टाकलं. पुढं पंचेचाळीस वर्षं लोक त्याच्याबद्दल बोलत राहिले. बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ते कधी पाहिलंही नव्हतं! शेवटी २०१५ मध्ये नव्या तंत्रानं ते परत आलं. थोरल्यांनी धाकट्यांना सांगितलं, धाकट्यांनी ते धरून ठेवलं आणि मग दोघांनी मिळून पाहिलं.

मात्र आठवण कितीही गोड असली, तरी तिच्यासाठी सगळंच जपावं असं मी म्हणणार नाही. स्प्लॅश माउंटन ही पाण्यातली राइड १९८९ पासून लाखो लोकांची लाडकी होती. तिचा आधार होता डिस्नेचा १९४६ सालचा एक चित्रपट. त्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर तो प्रदर्शित झाला तेव्हाच आक्षेप घेतले गेले होते. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या दोन्ही पार्कांत ती बंद झाली आणि २०२४ मध्ये तिथं टियाना या कृष्णवर्णीय राजकन्येची राइड आली. पाणी तेच, शेवटची खोल उडीही तीच, भिजून हसणारी माणसंही तशीच. काही मुलांना तिथं पहिल्यांदाच नायिका म्हणून आपल्यासारखा चेहरा दिसला. हा बदल योग्यच झाला. ज्यांना जुनी गाणी आठवून वाईट वाटलं त्यांना मी दोष देत नाही, पण त्यांच्या वाईट वाटण्यापेक्षा त्या मुलांचा हक्क मोठा आहे.

काही राइडमध्ये बदल आपोआप शिरतो, हेही सांगायला हवं. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस हा १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी केलेला खेळ. यात रंगमंच जागेवर राहतो आणि प्रेक्षकांच्या खुर्च्याच भोवती फिरतात. विसाव्या शतकातलं एक कुटुंब, घरात एकेक नवं यंत्र येत जातं. शेवटचा प्रवेश १९९४ मध्ये नव्यानं बसवला. आजी व्हर्च्युअल रिॲलिटीचा चष्मा लावून खेळते आहे आणि आवाजी हुकमावर चालणारा ओव्हन तिच्या गुणांचा आकडा ऐकून तेच तापमान धरतो. जेवण जळतं. तेव्हा हे भविष्य होतं. ते पाहिलेल्या मुलांच्या घरी आज आवाजी हुकमावर चालणारी यंत्रं खरोखर आहेत.

सगळ्यात जास्त रुखरुख मला लागली ती मॅजिक किंगडममधल्या नदीची. जुलै २०२५ मध्ये ती नदी, तिच्यातली संथ चालणारी मोठी बोट आणि मधलं बेट, सगळं बंद झालं. त्या जागी मोटारींच्या सिनेमावर आधारलेला नवा भाग होणार आहे. मुलांना तो आवडेल, नक्की आवडेल. पण त्या बोटीत काहीच करावं लागत नव्हतं. दमलेल्या माणसानं वारा घेत बसायचं, लहानग्यानं मांडीवर झोपायचं. आवाज आणि वेग यांनी भरलेल्या जागेत अशा ठिकाणाची गरज सगळ्यांनाच असते. ती ना नव्या पिढीची आवड आहे ना जुन्या, म्हणून तिची बाजू घेणारे कमी पडतात.

तेव्हा श्रोतेहो, कुठल्याही पार्कात गेलात तर निदान एक राइड अशी निवडा, जिच्यात घरातलं सर्वांत मोठं माणूस आणि सर्वांत लहान मूल शेजारी बसेल. बाहेर आल्यावर आपल्या वेळी काय होतं ते सांगायच्या आधी त्या मुलाला विचारा, तुला काय दिसलं? आणि ते सांगू लागलं, की मध्ये बोलू नका. नमस्कार.