हिरवा दिवा आणि राखेचे खोरे

श्रोतेहो, नमस्कार.

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखकाची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी एप्रिल १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी बोलताना मेजवान्यांचा झगमगाट आणि गॅट्सबीचे अपुरे प्रेम हेच बहुधा पुढे येते. मला मात्र तिच्यातल्या घरांविषयी आणि वस्तूंविषयी बोलायचे आहे, कारण त्या वस्तूंकडे कोण कोणत्या नजरेने पाहतो यातच मला ही कथा घडताना दिसते.

कथेचा काळ १९२२ चा उन्हाळा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर समोरासमोर दोन भूशिरे आहेत आणि मध्ये खाडीचे पाणी आहे. पूर्वेकडच्या ईस्ट एगमध्ये वडिलोपार्जित पैशावर जगणारा टॉम ब्यूकॅनन आणि त्याची पत्नी डेझी राहतात. पश्चिमेकडच्या वेस्ट एगमध्ये नवश्रीमंतांची वस्ती आहे, आणि शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला जेम्स गॅट्झ तिथे जे गॅट्सबी हे नाव धारण करून राहतो. या दोन श्रीमंतींतला फरक लेखक वेलींवरून दाखवतो, हे मला फार आवडते. टॉमच्या घराची हिरवळ समुद्रकाठापासून पाव मैल धावत येते आणि त्याच धावेच्या जोरावर वेलींच्या रूपाने भिंतीवर चढते. गॅट्सबीचा वाडा म्हणजे फ्रान्समधल्या कुठल्याशा नगरभवनाची नक्कल, आणि त्याच्या कोऱ्या मनोऱ्यावर वेल आहे ती अजून कोवळी, विरळ दाढीसारखी.

वाड्यातल्या ग्रंथालयाचा प्रसंग तर मुद्दाम थांबून वाचावा असा आहे. मेजवानीला आलेला, जाड चष्मा लावलेला एक पाहुणा तिथली पुस्तके खरी आहेत हे पाहून थक्क होतो, कारण ती पुठ्ठ्याची असतील असे त्याला वाटले होते. त्या काळी अनेक पुस्तकांची पाने कडेला जोडलेलीच येत, आणि वाचकाला ती सुरीने फाडून मोकळी करावी लागत. गॅट्सबीच्या पुस्तकांची पाने फाडलेली नाहीत. पुस्तके खरी, पण वाचकाचा हात न लागलेली. आणि कुठे थांबायचे हे या माणसाला नेमके कळले, याचेच त्या पाहुण्याला कौतुक वाटते.

डेझीच्या घराच्या धक्क्यावर रात्रभर एक हिरवा दिवा जळत असतो. निक कॅरवे, जो या कथेचा निवेदक, गॅट्सबीचा शेजारी आणि डेझीचा दूरचा भाऊ आहे, त्याला गॅट्सबी प्रथम दिसतो तो त्या दिशेने अंधाऱ्या पाण्यावर हात पसरून उभा असलेला. पुढे, पाच वर्षांपूर्वी दुरावलेली त्याची प्रेयसी डेझी त्याच्या शेजारी येऊन उभी राहते, तेव्हा तो तिला त्या दिव्याविषयी सांगतो, आणि सांगता सांगताच तो पुन्हा धक्क्यावरचा साधा दिवा होऊन जातो; गॅट्सबीच्या मंतरलेल्या वस्तूंत एकाची घट झाली, असे निक नोंदवतो. हिरव्या दिव्याला केवळ आशेचे प्रतीक म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे, असे मला कळकळीने वाटते.

या दोन्ही वस्त्यांतून शहराकडे जाताना राखेचे खोरे लागते. ते कल्पनेतून आलेले नाही. शहरातल्या भट्ट्यांची कोळशाची राख क्वीन्स भागातल्या कोरोना येथे खरोखरच टाकली जात असे. पुढे तिथली राख हटवून १९३९ चे जागतिक प्रदर्शन भरले, आणि आज अमेरिकन खुल्या टेनिस स्पर्धेचे सामने त्याच उद्यानात होतात. कादंबरीत तिथे जॉर्ज विल्सनचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज आहे, त्याची पत्नी मर्टल टॉमची प्रेयसी आहे, आणि वर जुन्या जाहिरातीच्या फलकावर डॉ. टी. जे. एकलबर्ग या नेत्रवैद्याचे दोन प्रचंड निळे डोळे आहेत. डेझी चालवत असलेल्या गॅट्सबीच्या मोटारीखाली मर्टल मरते. त्यानंतर विल्सन त्या डोळ्यांकडे पाहत देव सर्व काही पाहतो असे म्हणतो, आणि ती जाहिरात आहे, असे शेजारी त्याला समजावतो. त्या चेहरा नसलेल्या डोळ्यांखेरीज विल्सनला दाद मागायला त्या खोऱ्यात कोणी नाही, हे मला या कादंबरीतले सर्वांत क्रूर दृश्य वाटते.

दुसऱ्या दिवशी, त्या मोटारीचा मालक म्हणून, विल्सनच्या हातून गॅट्सबीचा खून होतो. ज्याच्या हिरवळीवर शेकडो माणसे जमत, त्याच्या अंत्ययात्रेला त्यांच्यापैकी येतो तो फक्त ग्रंथालयातला चष्मेवाला. बाकी निक, काही नोकर, गावचा पोस्टमन आणि दुरून आलेला वृद्ध बाप. हा बाप मुलाच्याच वाड्यात उभा राहून खिशातून त्या वाड्याचे छायाचित्र काढतो. अनेक हातांत फिरून ते मळले आहे, कोपऱ्यांना तडे गेले आहेत. भोवती खरा वाडा उभा असताना तो निकला त्या चित्रातला एकेक तपशील बोटाने दाखवत राहतो.