इंजिन आपोआप रेस होते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या इंजिनाची पंधरा-वीस वर्षांची गाडी नागपूरच्या व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असताना अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसूनही आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा काटा पंधराशेच्या खाली उतरत नसेल, तर दोष कुठे शोधावा, याविषयी आज बोलायचे आहे. गरम झालेल्या इंजिनाचे आयडलिंग, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालण्याचा वेग, साधारणपणे 750 ते 900 आरपीएम असते.

पेट्रोल इंजिनाचा वेग मुळात आत जाणाऱ्या हवेवर ठरतो. पेट्रोल किती द्यायचे ते कॉम्प्युटर त्या हवेच्या बेताने ठरवतो. म्हणून पहिला प्रश्न हवेचा: थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, मिटलेला असताना जादा हवा शिरते कुठून? हे न शोधता थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवून आरपीएम उतरवण्याची सवय अनेक मिस्त्रींना आहे. तो स्क्रू कारखान्यातच बसवलेला असतो आणि एकदा हलला की पुढचे सारे निदान बिघडते.

आधी अ‍ॅक्सिलरेटरची केबल पाहावी. तिला किंचित ढील हवी. त्यानंतर रबरी नळ्या. विदर्भातल्या उन्हात, त्यातही बोनेटखाली, रबर कडक होऊन तडकते. माझ्या गाडीत मॅनिफोल्डकडून, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाकडून, ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी वरून धडधाकट दिसत होती, पण क्लिपखाली नखाएवढी चीर होती आणि कान जवळ नेल्यावर बारीक फुसफुस ऐकू येत होती. चिरेवर ओला कपडा दाबताच काटा सोळाशेवरून साडेआठशेवर आला. मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या सांध्यावर साबणाचे पाणी थोडे थोडे सोडावे. गळती असेल तर आवाज क्षणभर बदलतो. तापलेल्या इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर मात्र फवारू नये, तो पेट घेतो.

नळ्या ठीक निघाल्या, तर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह पाहावा. थ्रॉटलला वळसा घालून जाणारी हवा तो सोडतो, आणि काजळी धरून उघडाच अडकला की आरपीएम चढलेला राहतो. तो काढून साफ करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. काटा वर-खाली झोके घेत असेल, तरीही जादा हवेचाच संशय घ्यावा: थ्रॉटल मिटलेला आणि वेग जास्त असे दिसताच कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो, वेग पडल्यावर पुन्हा देतो.

राहिला कूलंटचा टेंपरेचर सेन्सर. तो बिघडला, तर इंजिन गार आहे असे समजून कॉम्प्युटर आरपीएम वाढवतो. बहुतेक गाड्यांत त्याचा रोध 20 अंशांना दोन ते तीन हजार ओम असतो आणि 80 अंशांना सुमारे तीनशेवर येतो. साधा मल्टिमीटर पुरतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर मीटरही नंतर काढला तरी चालेल. रेडिएटरमधले पाणी सकाळीच कोमट असते, त्यामुळे सुरुवातीचा चढा आरपीएम लवकर उतरायला हवा. धंतोलीहून वर्धा रोडने विमानतळापर्यंत जाऊनही तो उतरला नाही, तर या सेन्सरची तपासणी लांबवू नये.