तेल्या, गुटी आणि बाटलीतलं रोप

[दृश्य: सांगोला तालुक्यातली डाळिंबाची बाग. कॅमेरा एका फळावर.]

आधी तेलकट ठिपका. मग तो काळा पडतो आणि फळ तडकतं. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा, कुठंही विचारा, नाव एकच: तेल्या. झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा हा रोग पावसाच्या शिंतोड्यांतून उडतो, छाटणीच्या कात्रीवरून फिरतो आणि गुटीतूनही, म्हणजे झाडावरच फांदीला मुळ्या फोडून केलेल्या रोपातूनही, येतो. ओळखीच्या बागेतून विश्वासानं आणलेल्या गुटीबरोबर कित्येकांच्या नव्या रानात रोगही लावला गेला.

[दृश्य: प्रयोगशाळा, काचेच्या बाटल्यांची रांग.]

यावरचा एक मार्ग म्हणजे टिश्यू कल्चर. निरोगी, तपासलेल्या झाडाच्या फांदीचा डोळ्यासकट बारीक तुकडा घेतात, निर्जंतुक करतात आणि साखर, क्षार, संप्रेरकं (वाढीची द्रव्यं) घातलेल्या आगारवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, ठेवतात. डाळिंब इथं फार छळतं. कापलेल्या टोकातून फिनॉल नावाची द्रव्यं पाझरतात, आगार तपकिरी पडतं, तुकडा मरतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा ताज्या आगारवर हलवावा लागतो. मुळ्या फुटल्या की हार्डनिंग, म्हणजे रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं: आधी हरितगृह, मग शेडनेट.

शेतीतलं जैवतंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला बीटी कापूस आठवतो, बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेला. भारतात त्याला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. २०१२ मध्ये तर अशा जनुक बदललेल्या पिकांचं विकसनशील देशांतलं क्षेत्र प्रगत देशांच्या पुढे गेलं. बांगलादेशात २०१४ पासून बीटी वांगं शेतात आहे, आपल्याकडे ते २०१० पासून थांबलेलं आहे. वाद सगळा तिथं. टिश्यू कल्चरमध्ये बाहेरचं जनुक घालत नाहीत, म्हणून जळगावची केळी असो की केनियातली, ते गाजावाजा न होता लहान शेतकऱ्यापर्यंत पोचलं. आम्हाला हे यश जास्त मोलाचं वाटतं.

[दृश्य: सोलापूरजवळचं केगाव, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र.]

२००५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रानं ‘सोलापूर लाल’ हा वाण दिला. संकरातून तयार झालेला, बागांमधल्या नेहमीच्या ‘भगवा’ वाणापेक्षा जास्त लोह आणि जस्त असलेला. पण भगव्यासारखं फळ देईल आणि तेल्याला दाद देणार नाही, असा वाण अजून बागेत आलेला नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो. बाटलीतलं रोप निरोगी असतं, रोगप्रतिकारक नसतं. ‘याला तेल्या येतच नाही’ असं कुणी म्हटलं तर रोप घेऊ नका. मातृवृक्षाच्या तपासणीचा कागद मागा, आणि लागवडीआधी शेजारच्या बागेत तेल्या आहे का, ते एक चक्कर मारून बघून या.