नाटा ते कझुंगुला: हत्तींच्या रस्त्यावर सायकल

मंडळी, आफ्रिकेत सायकल म्हटलं की पहिला प्रश्न सिंहाचा येतो. सिंह आहेत, नाही असं नाही, पण बोत्सवानातल्या नाटा ते कझुंगुला या साधारण ३०० किलोमीटरच्या रस्त्यावर तुमचा दिवस कसा जाणार ते हत्ती ठरवतो. देश महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, माणसं जेमतेम २४ लाख, आणि २०२२ च्या गणनेत हत्ती निघाले १ लाख ३० हजारांच्या वर. बरं, हा रस्ता काही नॅशनल पार्कच्या आतला नाही, साधा हायवे आहे, कैरोहून केपटाऊनला निघालेले सायकलवाले इथूनच जातात, पण पूर्वेला झिम्बाब्वेचं ह्वांगे नॅशनल पार्क, पश्चिमेला बोत्सवानाचं चोबे नॅशनल पार्क, आणि मधे हत्तीला अडवेल असं फारसं काही नाही, मग तो पाण्यासाठी इकडून तिकडे जाणारच ना.

गाडीचा आवाज हत्तीला लांबून कळतो. सायकल येते बिनआवाजाची. मोपानेची झाडी दाट असली की कडेला वीस फुटांवर उभा असलेला हत्ती दिसत नाही, खरंच दिसत नाही. त्याची नजर बेताची, नाक मात्र जबरदस्त, म्हणजे वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर त्याला आधीच कळतं, उलटा असेल तर आपण एकदम समोर जातो आणि तो दचकतो. दचकलेल्या हत्तीइतका धोका दुसऱ्या कशात नाही. म्हणून मी मोठ्याने बोलत जायचो, मराठीतच, सुचेल ते. डांबरावर ओली लीद दिसली की वेग कमी.

एका सकाळी एक हत्तीण रस्त्याच्या मधोमध उभी. मान वर, कान पसरलेले, पुढचा एक पाय उचलून नुसता झुलवतेय, म्हणजे काय करावं हे तिचं ठरत नव्हतं. पिल्लं अजून डावीकडे झाडीत होती. मी उतरलो आणि सायकल हातात धरून हळूहळू मागे सरकत गेलो, तिने डोकं असं झटकलं की कान फाडकन मानेवर आपटले आणि धूळ उडाली, मग सोंड वर करून आमच्या दिशेने वास घेतला. कान मागे चिकटवून, सोंड आत वळवून, डोकं खाली घालून आली असती तर गोष्ट वेगळी होती, लोड केलेली सायकल वेग घेईपर्यंत हत्ती पोचलेला असतो. पण ती थांबली. पिल्लं एकेक करून गेली, सगळ्यात लहान तिच्या पोटाखालून, पण माझा पुढचा रस्ता काही मोकळा झाला नाही, कारण उजवीकडे अख्खा कळप चरत होता.

अशा वेळी ट्रकची वाट बघायची. झांबिया-काँगोच्या तांब्याच्या खाणींकडे जाणारे ट्रक या रस्त्यावर असतात, हात केला की ड्रायव्हर समजून जातात. माझ्यासाठी एकाने ट्रक अगदी सायकलच्या वेगाने चालवला, हत्ती एका बाजूला, मधे ट्रक, आणि पलीकडून मी. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

रात्री उघड्यावर तंबू नाही. मोबाईल टॉवरच्या कुंपणाच्या आत, वॉचमनला विचारून. अंधारात सायकल अजिबात नाही, काळ्या डांबरावर काळा हत्ती दिसत नाही.

आणि आपण तर जाणारे लोक. याच रस्त्यावरच्या पंडामाटेंगा गावाला ज्वारीची मोठमोठी शेतं आहेत, आपली ज्वारीच, तिथल्या शेतकऱ्यांना हत्ती रोजचा. २०१४ ला शिकारबंदी आली, २०१९ ला उठवली, त्यावर जगभरातून लोक बोलले. शिकारीने शेतं वाचतील असं मला वाटत नाही, पण ज्याचं उभं पीक एका रात्रीत जातं त्याला भरपाई वेळेवर आणि पूर्ण मिळालीच पाहिजे, हत्ती टिकवायचा असेल तर त्याचा खर्च त्या एकट्या घराने का सोसायचा?

तिथून कझुंगुला साधारण १०० किलोमीटर. पूर्वी तिथे झांबेझी नदी फेरीबोटीने ओलांडायला लागायची, २०२१ पासून पूल झालाय, सायकल थेट झांबियात जाते.